शेड दरवर्षी गळतेच का? जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातल्या ट्रेकर निवाऱ्याचं दुखणं आणि इलाज

मे महिन्यात शेडवर माणसं चढतात. फुटकी कौलं बदलतात, पत्र्याला डांबर फासतात, चार जण खाली उभं राहून सूचना करतात, संध्याकाळी मटणाचा बेत होतो. जुलैत कुणीतरी भिजून मुक्कामाला पोचतो आणि ग्रुपवर मेसेज टाकतो, ‘शेड गळतेय, पाठ टेकायला जागा नाही.’ पुढच्या मे महिन्यात पुन्हा डांबर. ज्यांच्या शेडचं हे रहाटगाडगं चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आमचा निवारा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं डोंगरात एका गवळीवाड्याच्या वर आहे. जागा मालकीची, भीमगड अभयारण्याच्या हद्दीबाहेरची. वीस फूट बाय वीस फुटांची शेड, चिऱ्याच्या भिंती, पुढच्या अर्ध्यावर मंगलोरी कौलं आणि मागून वाढवलेल्या अर्ध्यावर पत्रा. वाड्यावरची माणसं आणि बेळगावातले काही ट्रेकर मिळून ती सांभाळतात. अशा अर्ध्या कौलाच्या, अर्ध्या पत्र्याच्या शेडी या पट्ट्यात पुष्कळ आहेत. त्यामुळं खालचं बहुतेक सगळं तुमच्याही शेडला लागू पडेल.

आधी पावसाचा हिशोब. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून तासाभराच्या अंतरावर कणकुंबीला, जिथं माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते, तो ५००० मिलिमीटरच्या वर जाणं नवीन नाही. त्याच डोंगरातल्या, आणखी जास्त पावसाच्या आमगावची तर गोष्टच सोडा. जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पडला तर वीस बाय वीसच्या छपरावर सुमारे ३७०० लिटर पाणी येतं, म्हणजे दोनशे लिटरची अठरा बॅरलं. आणि असे दिवस ओळीनं येतात. शहरातल्या घराला जी फट वर्षानुवर्षं कळतसुद्धा नाही, ती इथं एका रात्रीत बादली भरते. शहरातल्या मिस्त्रीला वर नेऊन ‘चालतंय की’ म्हणून घेतलेलं काम इथं चालत नाही ते याच कारणानं.

आता शेड पुन्हा पुन्हा का गळते ते. माझ्या मते सामान कमी पडतं म्हणून नाही. गळती बघणारा माणूस वेगळा आणि दुरुस्त करणारा वेगळा, हे खरं कारण. बघणारा जुलैच्या रात्री बॅटरी घेऊन कोपऱ्यात बसलेला असतो. दुरुस्त करणारा मेच्या उन्हात वर चढतो तेव्हा सगळं खडखडीत वाळलेलं असतं, आणि तो डोळ्याला दिसेल त्या भोकाला डांबर लावून उतरतो. खरी वाट तशीच राहते. वाड्यावरच्या एका मामांचं म्हणणं मला पक्कं पटलंय: ‘पाणी जिथं पडतंय तिथनं शिरत नाही वो. वासा धरून येतंय.’

म्हणून रीत अशी ठेवा: खुणा पावसात, काम उन्हात.

आधी कुठलं पाणी ते ओळखा

‘शेड ओली आहे’ या एका तक्रारीत चार वेगवेगळी पाणी असतात, आणि तीन पाण्यांना छपराशी काही घेणंदेणं नसतं.

पहिलं म्हणजे पत्र्याचा घाम. दिवाळीनंतरच्या ट्रेकला हमखास तक्रार येते की पाऊस नसताना पत्रा गळतोय. रात्री आभाळ निरभ्र असतं, पत्रा गार पडतो, आत दहा-बारा माणसं झोपलेली, चुलीवर पाणी उकळलेलं. ती सगळी वाफ पत्र्याला खालून चिकटते आणि पहाटे टपटपते. ओळखायचं कसं? थेंब एका जागी नसतात, पत्रा सगळीकडून सारखा ओला असतो, आणि कौलाच्या अर्ध्या भागाखाली काहीच नसतं, कारण कौलांच्या सांध्यांतून वाफ निघून जाते. याच्यावर डांबर म्हणजे निव्वळ पैसे वाया. छपराच्या दोन्ही टोकांना, आढ्याच्या खाली, भिंतीच्या त्रिकोणी भागात हवा जायला जागा ठेवा आणि तिला बारीक जाळी मारा. थंडी वाजते म्हणून लोक तिथं पोती कोंबतात, ती काढा. जमलं तर पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्या बांधा. थेंब तट्टीवर पडतो आणि तिथंच सुकतो.

दुसरं म्हणजे झड. आपल्याकडं पाऊस नैर्ऋत्येकडून, वाऱ्यावर बसून येतो. छप्पर ठणठणीत असलं तरी त्या बाजूची भिंत चार फुटांपर्यंत काळी-हिरवी होते, चिरा पाणी पितो आणि आतून भिंतीला हात लावला की ओल लागते. ही ओल खालून वर किंवा मधूनच दिसते, वरून खाली ओघळ नसतो. इलाज छपरात नाही, छपराच्या पुढं आहे. त्या बाजूची वळचण भिंतीच्या पुढं निदान तीन फूट हवी. एवढं वाढवता येत नसेल तर जुन्या घरांना करतात तेच करा: मिरग लागायच्या आत त्या बाजूला गवताच्या किंवा झावळ्यांच्या तट्ट्या उभ्या बांधा आणि दिवाळीला काढा. प्लास्टिकची ताडपत्री बांधली तर वारा तिच्यात भरतो आणि पहिल्याच मोठ्या वाऱ्यात खुंट्यांसकट उपटून नेतो. गवताच्या तट्टीतून वारा गाळून जातो.

तिसरं पाणी जमिनीतून येतं, त्याच्याबद्दल पुढं सविस्तर. चौथी खरी गळती.

गळतीची वाट शोधणं

हे काम आर्द्रा नक्षत्राच्या आसपास, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यात करावं. मिरगाच्या पहिल्या सरींत घाई करू नका. नवीन बसवलेलं मातीचं कौल पहिल्यांदा पाणी पितं आणि खालून दमट दिसतं, ती गळती नव्हे. दोन-तीन दिवस सलग पाऊस लागला की मग खरं चित्र दिसतं.

पाऊस लागायच्या आधी एक तयारी करून ठेवायची. चुन्याचा खडू घ्या, नाहीतर ओला चुना बोटावर. आतून प्रत्येक वाशाच्या खालच्या अंगाला आणि दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर आडव्या रेघा ओढा, आढ्यापासून भिंतीपर्यंत. वासे मोजून त्यांना आकडे द्या, भिंतीवर कोळशानं लिहा. पावसानंतर या आणि बघा. पाणी ज्या वाशावरून वाहिलंय तिथल्या रेघा मधोमध तुटलेल्या दिसतात, चुना ओघळून खाली गेलेला असतो. खालून एकेक रेघ बघत वर जा. सगळ्यात वरची तुटलेली रेघ सापडली की पाणी तिच्या आणि तिच्या वरच्या शाबूत रेघेच्या मधून आत आलंय. बस्स, तेवढ्या हातभर जागेचा शोध. आमच्या शेडमध्ये बाकड्यावर ठिबकणारं पाणी शेवटी आढ्याजवळच्या कोन्याच्या फटीतून निघालं. ठिबकण्याच्या जागेपासून चांगलं दोन माणसं उंच, आणि आडवंही दोन वासे पलीकडं. त्या बाकड्याच्या बरोब्बर वरच्या पत्र्यावर डांबराचे थर होते, एखाद्या जुन्या रस्त्यासारखे.

पत्र्याच्या भागाला वासे कमी आणि लोखंडी पट्ट्या जास्त असतात, तिथं चुना नीट धरत नाही. तिथं दिवसाउजेडी आत जाऊन दार-खिडक्या लावून घ्या, अंधारात पाच मिनिटं डोळे सरावू द्या, आणि वर बघा. सुईएवढं भोकही चांदणीसारखं दिसतं. खालून काडी घालायचा मोह आवरा, भोक मोठं होतं. फक्त जागा लिहून घ्या: दारापासून कितवा पत्रा, आढ्यापासून किती फूट.

उन्हाळ्यात खात्री करायची असेल तर पाणी ओतून बघा, पण वळचणीकडून सुरुवात करा. एकानं वर कळशीनं सावकाश ओतायचं, एकानं आत उभं राहायचं. खालचा पट्टा दहा मिनिटं भिजवून आत काही आलं नाही तरच हातभर वर सरकायचं. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही. पाणी झऱ्यावरून आणायचं असतं, त्यामुळं हा प्रयोग करायला माणसं कुरकुरतात हे खरं. मग चुन्याच्या रेघाच बऱ्या.

पत्र्याची बाजू

पत्र्याला भोक पडून गळती लागणं तसं उशिराचं दुखणं. त्याआधी गळतात ते हुक आणि सांधे.

हुक नेहमी पत्र्याच्या उभारावर हवा, खोलगट भागात नको. खोलगटीतून पाणी वाहतं, तिथं भोक पाडणं म्हणजे नदीच्या पात्रात विहीर खणणं. आमच्याकडं मागं कुणीतरी अर्धे हुक खोलगटीत मारले होते, कारण पट्टीवर ते घट्ट बसतात. अशी भोकं आत-बाहेरून घासून, गंज काढून, पत्र्याचाच तुकडा रिबिट मारून बंद करायची आणि नवा हुक शेजारच्या उभारावर घ्यायचा. हुकाखालचा डांबरी वायसर उन्हानं कडक होऊन तडकतो. पत्रा चांगला, हुक चांगला आणि वायसर मेलेला, असं अर्ध्या वेळा निघतं. वायसर मूठभर जास्तच घेऊन जा, जंगलात दुकान नाही. हुक इतकाही आवळू नका की उभार चेपेल. चेपलेल्या जागी पाणी साचतं आणि वायसरच्या कडेनं आत उतरतं.

सांध्यांचं गणित सोपं आहे, पण बसवतानाच करावं लागतं. वरचा पत्रा खालच्यावर निदान सहा इंच चढलेला हवा, उतार कमी असेल तर आठ-नऊ इंच. बाजूचा सांधा दीड नाळीचा, म्हणजे पत्र्याच्या दीड लाटेएवढा, आणि त्याची उघडी कड वाऱ्याच्या तोंडावर येता कामा नये. म्हणून पत्रे लावायला सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून करतात, आपल्याकडं म्हणजे ईशान्येच्या बाजूनं. उलट्या बाजूनं लावलेल्या छपराला कितीही लांबी (पुट्टी) भरा, झड त्या कडेखाली घुसतेच. तेवढ्यासाठी सगळं छप्पर उसकटायचं नसेल तर वाऱ्याकडच्या शेवटच्या दोन-तीन पत्र्यांची बाजू तरी बदलून घ्या.

डांबर, सिलिकॉन, लांबी, डांबरी पट्टी या सगळ्याबद्दल एकच सांगतो: गंजावर, शेवाळावर, दवावर काहीही चिकटत नाही. तारेच्या ब्रशनं पत्रा लखलखीत होईपर्यंत घासा, दुपारच्या उन्हात तापू द्या, मग पट्टी लावा. सकाळी नऊला लावलेली पट्टी आणि दुपारी दोनला लावलेली पट्टी यांत एका पावसाळ्याचा फरक पडतो.

कौलांची बाजू

कौलं पत्र्यापेक्षा शहाणी. एखादं फुटलं तर तेवढंच बदलायचं, आणि खानापूर ही विटा-कौलांच्या मातीची जागा, त्यामुळं जुन्या घराची उतरवलेली कौलं मिळतातही. फक्त एक बघा: जुन्या कौलांत वेगवेगळ्या भट्ट्यांचे साचे असतात आणि ते एकमेकांत बसत नाहीत. शेडवरचं एक कौल पिशवीतून सोबत न्या आणि त्याच्याशी लावून बघूनच घ्या. केसाएवढी फट राहिली तरी झडीचं पाणी तिथनं वर चढतं.

उतार तपासा. चार फूट आडवं गेल्यावर छप्पर निदान अडीच फूट चढलेलं हवं. आमचा पुढचा भाग याला पुरून उरतो म्हणून फारसा त्रास देत नाही. नंतर जोडलेल्या पडव्या मात्र डोकं आपटायला नको म्हणून सपाट ठेवलेल्या असतात, आणि सपाट उतारावर कौल म्हणजे गळती ठरलेली. तिथं कौलांचा हट्ट सोडावा, किंवा खाली पत्रा टाकून वर कौलं ठेवावीत. दिसायलाही बरं आणि तापतही नाही.

दरवर्षी कौलं सरकायचं मुख्य कारण वानरं. फांदीवरून छपरावर, छपरावरून फणसावर, अशी त्यांची रोजची वाट असते, आणि प्रत्येक उडीला दोन कौलं हलतात. कोपऱ्यातल्या आणि कडेच्या कौलांना भोक असेल तर जी.आय. तारेनं खालच्या रिपेला बांधून टाका. मधली मोकळीच असू द्यात, नाहीतर बदलताना वैताग. लोंबणाऱ्या फांद्या छाटायच्या असतील तर जागा कुणाची ते आधी बघा. जंगलातली असेल तर वनखात्याला विचारल्याशिवाय कोयता लावू नका, मग ती फांदी कितीही आपल्या छपरावर आलेली असो. आणि ट्रेकर मंडळींनो, वानरांना बिस्किटं घालणं बंद करा. तुमचा फोटो होतो, आमची शाकारणी होते.

शेवाळ खरवडायला खुरपं वापरू नका, कौलाचा वरचा कडक थर जातो आणि ते आणखी पाणी प्यायला लागतं. काथ्याचा ब्रश पुरे.

पन्हळ हवीच का, हा वादाचा विषय आहे. माझं मत स्पष्ट आहे: डोंगराकडच्या बाजूची पन्हळ काढून टाका. ऑगस्टपर्यंत ती पानांनी भरते, पाणी उलटं फिरतं आणि भिंतीच्या माथ्यावरून आत येतं. पागोळ्या सरळ खाली पडू द्यात, त्या पडतात तिथं हातभर रुंद गोट्यांचा पट्टा करा म्हणजे चिखल भिंतीवर उडत नाही. पुढच्या बाजूला बॅरल भरण्यापुरती एक पन्हळ राहू दे.

जमिनीतून येणारं पाणी

छप्पर शाबूत, भिंती कोरड्या, तरी सकाळी स्लीपिंग मॅट खालून ओली. डोंगराच्या कुशीत कापून बसवलेल्या प्रत्येक शेडचं हे दुखणं आहे. वरच्या अंगाचं पाणी जमिनीखालून येतं आणि शेडच्या जमिनीत फुटतं. जांभ्या दगडाच्या भागात तर ते कुठून कुठं निघेल सांगता येत नाही.

कोबा करून हे थांबत नाही. कोब्याखाली पाणी साचतं, दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात आणि फटींत वाळवी. याचा इलाज म्हणजे चर, आणि चर कुठं खणायचा हे महत्त्वाचं. भिंतीला चिकटून नको, पाया उघडा पडतो. डोंगराकडच्या बाजूला भिंतीपासून चार-पाच फूट सोडून, शेडच्या जमिनीच्या पातळीपेक्षा निदान फूटभर खोल, आणि दोन्ही टोकं शेडला वळसा घालून उताराकडं मोकळी सोडलेली. मधे उंच आणि दोन्हीकडं उतार. तळाशी फुटके चिरे आणि गोटे भरले तर माती लवकर बुजत नाही. रोहिणी निघायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, तो साफ झालाच पाहिजे. वर्षाला एकच काम करायला माणसं मिळत असतील तर छप्पर सोडा आणि चर उपसा. छपराखाली बादली ठेवता येते, जमिनीखाली काय ठेवणार?

आतली जमीन शेणानं सारवलेली असेल तर बहारच, पण पावसाळ्यात सारवण ओलं राहतं. झोपायला जमिनीपासून फूटभर उंच बांबूचा माचा बांधलेला बरा. माच्याचे आणि शेडचे खांब मातीत पुरू नका, चिऱ्यावर उभे करा. तळाला काजूच्या टरफलांचं तेल लावतात, त्यानं वाळवी लांब राहते. आपल्याकडं काजूचे कारखाने असल्यामुळं ते मिळायला अडचण नाही. हातमोजे घालूनच लावा, कातडी भाजते, आणि पुरतं वाळल्याशिवाय त्याला टेकू नका.

उंदीर, गोचीड आणि इतर पाहुणे

उंदीर दिसला की साप येणार, हे समजून चाला. खाणं उरलं तर वाड्यावरच्या कुत्र्याला द्या नाहीतर परत न्या, शेडमागं टाकू नका. अस्वलांचा हा पट्टा आहे, खरकट्याच्या वासावर तीही येतात. पिशव्या आडव्या वाशाला दोरीनं टांगा आणि दोरीत मधे डब्याचं गोल झाकण ओवा, उंदीर तिथून पुढं उतरू शकत नाही. वाशात वटवाघळं बसत असतील तर त्यांना धूर करू नका. डास तेच खातात, आणि तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमधल्या दुर्मिळ वटवाघळांमुळं आपला भाग ओळखला जातो, याची थोडी लाज ठेवा.

गोचिडीचा विषय मात्र हसण्यावारी नेऊ नका. गोचिडीच्या चाव्यानं होणारा माकडताप, म्हणजे क्यासनूरचा ताप, १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. २०१६ मध्ये तो आपल्या शेजारच्या दोडामार्गात आणि त्याच सुमारास गोव्याच्या सत्तरीत दिसला, म्हणजे डोंगर उतरला की पलीकडं. त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे, नेमका ट्रेकिंगचा हंगाम. गोचिडी पालापाचोळ्यात असतात आणि गुरांवर चढून शेडपर्यंत येतात. त्यामुळं दुपारची गुरं शेडच्या सावलीत बसू न देणं हे देखभालीचंच काम आहे. हे वाड्यावर सांगताना जपून सांगा. जागा त्यांची, गुरं त्यांची, पाहुणे आपण. आम्ही शंभर पावलांवर गुरांसाठी वेगळा मांडव घालून दिला, मग प्रश्नच उरला नाही. शेडभोवती आठ-दहा हात पाला झाडून ठेवा. पाल्यावर बसू-झोपू नका, पँट मोज्यांत खोचा, गोचीड लांब ठेवायला अंगाला लावायचं डेपा तेल आरोग्य केंद्रात विचारा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवा. परतल्यावर एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंग मोडून आलं तर डॉक्टरला जंगलात जाऊन आल्याचं आधी सांगा.

संडासाचा खड्डा जुलैत पाण्यानं भरून वर येत असेल तर जागा चुकली आहे. झऱ्यापासून निदान तीस मीटर दूर, झऱ्याच्या खालच्या अंगाला, आणि चौथरा जमिनीपासून दोन-तीन फूट उचलून. प्रत्येक वेळी मूठभर राख किंवा वाळका पाला टाकायचा. बाकी फार काही नाही.

दार आणि रिपा काढून जाळणाऱ्यांसाठी इलाज सापडलेला नाही. शाकारणीच्या वेळीच वाळकी लाकडं रचून माच्याखाली ठेवली तर दाराला हात कमी लागतो, एवढंच.

वही आणि पाटी

झाकणाच्या डब्यात एक वही आणि दोन पेन्सिली ठेवा. पेन दमटपणात लिहीत नाही. वहीत पहिल्या पानावर शेडचा नकाशा, वाशांचे आकडे घालून. मुक्कामाला येणाऱ्यानं एवढंच लिहायचं: तारीख, कितव्या वाशाजवळ ठिबकलं, वारा होता की सरळ पाऊस. ‘वारा असतानाच गळते’ ही एक ओळ मिस्त्रीचं अर्धं काम करते. सांधा उलटा किंवा कड उघडी आहे हे तिथंच कळतं. ‘सरळ पावसात, लगेच’ म्हणजे भोक किंवा फुटकं कौल. ‘पाऊस थांबल्यावर तासाभरानं सुरू’ म्हणजे पाणी कुठंतरी साचतंय, पन्हळ किंवा कोना बघा. मे महिन्यात वर चढणाऱ्यानं आधी ही वही वाचायची, मग शिडी लावायची. वहीत लोक शायरीही लिहितात. लिहू द्यात, पण मागच्या पानांवर.

सूचनांची पाटी कुठल्या भाषेत, यावर आमच्याकडं एक अख्खी बैठक गेली. कन्नड वर की मराठी वर, अक्षर केवढं, हे बेळगावात काय नवीन नाही. शेवटी चित्रं काढली: बाटलीवर फुली, वानराला बिस्किटावर फुली, पिशवी वाशाला टांगलेली. दोन्हीकडच्यांना कळतं आणि पाटी अजून कुणी फोडलेली नाही.

रात्री पोचलात आणि शेड गळतेय, तर

त्या रात्री छपरावर चढू नका. ओलं कौल आणि शेवाळलेला पत्रा, दोन्हींवरून पाय जातो, आणि तिथून दवाखाना जवळ नाही. वाशावरून ओघळणारं पाणी अडवायला एक सुतळी पुरते. ठिबकण्याच्या जागेच्या थोडं वर वाशाला ती घट्ट गुंडाळा आणि तिचं लोंबतं टोक बादलीत सोडा. पाणी सुतळी धरून मुकाट्यानं खाली उतरतं, आवाजही होत नाही. ताडपत्री असेल तर ती माच्याच्या वर आतल्या आत, एका बाजूला उतार देऊन बांधा, पोट धरू देऊ नका. सुतळी बांधलेला वासा कितवा ते वहीत लिहा आणि सुतळी तशीच राहू द्या, मेमध्ये येणाऱ्याला ती खूण म्हणून चालते. बादली मात्र सकाळी रिकामी करून उपडी घालून जा, नाहीतर पुढचा येईपर्यंत तिच्यात डासांची अळी झालेली असते.